लांब मुक्कामाचं गाव

पावांची पिशवी हातात गार पडली, तेव्हा एकहार्टच्या लक्षात आलं की आपण परत त्याच चांभाराच्या दुकानासमोर आलोय. खिडकीत तोच लाकडी बूट टांगलेला होता. मघाशी तो डावीकडच्या बोळात शिरला होता. त्याआधी उजवीकडच्या. आता उरला होता मधला. पण मधल्या बोळातून आपण आलोच होतो की नाही, हे त्याला सांगता येईना.

क्वेडलिनबुर्गमध्ये घरं एकमेकांना टेकून उभी असतात. लाकडाच्या काळ्या पट्ट्या, मधे माती भरून रंगवलेल्या भिंती, वरचा मजला खालच्यापेक्षा पुढे आलेला. एखाद्याला बघायला सुंदर. एकहार्टला ती सगळी घरं त्या सकाळी एकाच आईची लेकरं वाटत होती. भाड्याच्या घराचं दार निळं होतं, एवढं त्याला आठवत होतं. निळ्या दारांना त्या गावात तोटा नव्हता. पत्ता मुलीकडे, आन्केकडे होता. मोबाइल उशाशी राहिला होता.

सकाळचे पाव आणायचे ते घरच्या पुरुषाने, ही त्यांच्याकडची पद्धत. त्याची बायको रोसविटा कॉफी टाकायची आणि तो पाव घेऊन यायचा. सुट्टीत कुठल्याही गावी असोत, तो असाच जायचा. फक्त निघताना रोसविटा खिडकीतून सांगायची, "चर्चच्या बाजूला वळ, आणि येताना नदी उजवीकडे ठेव." ते आयुष्यभर इतकं सवयीचं झालं होतं, की ती सांगते आणि आपण ऐकतो, हे त्याच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

"एकहार्ट?"

जावई टोर्बेन समोरून येत होता. अंगावर रात्रीचाच सदरा, वर कोट, हातात न पेटवलेली सिगारेट. सिगारेट ओढायला तो बायकोपासून लांब यायचा.

"इथे काय करतोयस? बेकरी तर तिकडे, आपल्या घराच्या मागेच आहे."

"जरा फिरत होतो."

टोर्बेनने पिशवीला हात लावला. मग त्याच्या तोंडाकडे बघितलं. एकहार्टने नजर चांभाराच्या खिडकीकडे वळवली.

"केव्हाचा फिरतोयस?"

"सोड ना."

"एकहार्ट, तुला रस्ता सापडत नव्हता का?"

गल्लीच्या टोकाला एक बाई उंबऱ्यासमोरचे दगड झाडत होती. तिने दोघांना नमस्कार केला, दोघांनीही मान हलवली.

"हे बघ," टोर्बेन हळू आवाजात म्हणाला, "आज मी काही बघितलं नाही. पण पुन्हा असं झालं, तर मी आन्केपासून लपवणार नाही. माझं लग्न आहे तिच्याशी. तुझ्याशी नाही."

"पुन्हा होणार नाही."

"हे तू मला सांगतोयस की स्वतःला?"

ते घर दोन वळणांवर होतं. दार निळं नव्हतंच, हिरवं होतं.

आन्केने टेबल मांडून ठेवलं होतं. त्यांची पाच वर्षांची मुलगी येटे खुर्चीवर गुडघ्यांवर बसून उकडलेल्या अंड्यावर डोळे रंगवत होती. ईस्टर आठवड्यावर आला होता.

"पाव गार कसे काय?" आन्केने विचारलं.

"रांग होती."

"आजोबांनी गप्पा मारल्या असतील," टोर्बेन म्हणाला आणि लोण्याची वाटी स्वतःकडे ओढली.

आन्केने बापाकडे एकदा बघितलं. तिची आई बघायची तसंच. पण तिची आई बघितल्यावर विचारायची, आन्के बघून ठेवायची. तेच एकहार्टला जास्त भीतीचं वाटायचं.

नोव्हेंबरात रोसविटा गेली. त्यानंतर दोन आठवड्यांनी तो दफनभूमीतून परत येताना चुकला. हिल्डेसहाइमजवळचं त्याचं गाव ते केवढं, आणि त्या भागात त्याने शाळेची बस चालवण्यात उमर घालवलेली. तरी त्या दिवशी गाडी थांबली ती साखर कारखान्याच्या फाटकाशी. बिटाच्या ट्रकांची रांग लागली होती, मागचा माणूस हॉर्न वाजवत होता, आणि एकहार्ट स्टिअरिंगवर हात ठेवून बसला होता. डोक्यात नुसतं पांढरं होतं. हे दुःखाने होतं की आजाराने, हे त्याला माहीत नव्हतं. डॉक्टरकडे गेलं तर कळलं असतं. म्हणून तो गेला नाही.

पण आन्केला कुठून तरी वास लागला होता. फेब्रुवारीत तिचा फोन आला. "उन्हाळ्यात चार आठवडे सगळे एकत्र राहू या, पपा. एका ठिकाणी. मला तुला रोजच्या रोज बघायचंय. आणि त्यानंतर आपण घराचं बोलू."

घराचं बोलणं म्हणजे काय, ते त्याला ठाऊक होतं. कासेलमध्ये तिच्या घराजवळ म्हाताऱ्यांसाठी नवी इमारत झाली होती. प्रत्येकाला एक खोली, बाल्कनी, दाराशी घंटी, खाली नर्स. आन्के तिथे दोनदा जाऊन बघून आली होती. चार आठवडे धड निघाले तर एकहार्ट आपल्या घरात राहणार होता. नाही निघाले तर ती बाल्कनी. हे कुणी बोलून दाखवलं नव्हतं. पण त्या फोननंतर त्याला नीट झोप लागली नव्हती. आता ईस्टरच्या सुट्टीत ते उन्हाळ्यासाठी गाव निवडायला निघाले होते.

"उन्हाळ्याला मला तर हेच गाव पाहिजे," आन्के पावाला मध लावत म्हणाली. "टेकडीवरचं ते चर्च बघितलंस? आणि काल संध्याकाळी चौकात बसलो होतो, तो उजेड? चार आठवडे मी इथून हलणार नाही. मम्माला वेड लागलं असतं."

"तुझ्या मम्माला बटाट्याचं सॅलड बघूनही वेड लागायचं," टोर्बेन म्हणाला.

"तू गप. पपा, तुझं काय म्हणणं?"

एकहार्टने कॉफीचा घोट घेतला. "तुझ्या आईचा नियम विसरलीस?"

रोसविटाचा नियम असा होता, की कुठल्याही गावाला आधी एक रात्र द्यायची. एक रात्र, चौकात एक कॉफी, एक फेरफटका. मग ती ठरवायची: हे गाव लांब मुक्कामाच्या लायकीचं, किंवा याला एक रात्र पुष्कळ झाली. आणि एका गावावर ती कधीच ठरवायची नाही. दुसरं बघितल्याशिवाय पहिल्याची किंमत कळत नाही, असं तिचं म्हणणं.

"दुसरं कुठलं मग?" आन्के म्हणाली.

"न्योर्डलिंगेन."

"बव्हेरियात?" टोर्बेनने सुरी खाली ठेवली. "अरे, अर्धा देश मधे आहे. मी गाडी चालवणार, आणि मागच्या सीटवर येटे उलट्या करणार."

"मी फक्त एकदाच केली होती," येटे म्हणाली.

"माझ्या बुटात."

"तुझा बूट मधे आला."

आन्के हसली. पण हसताना तिची नजर बापावर होती. "न्योर्डलिंगेनच का, पपा?"

"तिथला मनोरा बघायचाय."

हे खोटं नव्हतं, पण पूर्ण खरंही नव्हतं. बस डेपोतल्या एका जुन्या सोबत्याने त्याला वरून काढलेला त्या गावाचा फोटो दाखवला होता. गाव थाळीसारखं गोल. भोवती सबंध भिंत, कुठेही न तुटलेली, आणि तिच्यावरून छपराखाली चालायची वाट. थाळीच्या मधोमध चर्चचा मनोरा, आणि सगळे रस्ते त्या मनोऱ्याकडे. तो फोटो बघून एकहार्टच्या मनात पहिल्यांदा आलं होतं, की असं गाव असेल तर माणूस कशाला हरवेल? मान वर केली की मनोरा. बाहेर गेलं की भिंत. चार आठवडे तिथे सहज निघतील, आणि कुणाला काही कळणार नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते तिथे पोचले. येटेने उलटी केली नव्हती, याबद्दल तिला चौकात आइस्क्रीम मिळालं. एकहार्ट चौकात उभा राहिला आणि मान मागे टाकून मनोऱ्याकडे बघत राहिला. मग "जरा येतो" म्हणून तो एका गल्लीत गेला. वळला. आणखी एकदा वळला. थांबून वर बघितलं, तर छपरांच्या वर मनोरा होताच. त्याच्या रोखाने चालत तो परत चौकात आला. आन्के त्याच बाकावर बसली होती.

"काय रे, असा पळत आल्यासारखा?"

"काही नाही. मस्त गाव आहे."

त्याने आणखी एक आइस्क्रीम मागवलं, स्वतःला. रोसविटा गेल्यापासून त्याला गोड नको झालं होतं. आज त्याने वाटी चाटूनपुसून साफ केली. टोर्बेन त्याच्याकडे बघत होता. एकहार्टने त्याच्याकडे मुद्दाम सरळ बघितलं, जिंकल्यासारखं.

भाड्याचं घर भिंतीच्या आतल्या अंगाला होतं, एका वेशीजवळ. जेवताना आन्केने विषय काढलाच.

"गाव चांगलं आहे. खोटं कशाला बोलू. पण पपा, चार आठवडे इथे काय करायचं? एक फेरी मारली की संपलं. क्वेडलिनबुर्गला प्रत्येक वळणावर काही तरी नवीन निघतं."

"नवीन पाहिजे कुणाला," एकहार्ट म्हणाला.

"मला. तिला." तिने येटेकडे बोट केलं.

"मला इथली भिंत पाहिजे," येटे म्हणाली.

"बघ, दोन मतं झाली."

"तिचं मत उद्या झोपून उठली की बदलतं. टोर्बेन, तू बोल की."

टोर्बेनने काट्याने बटाटा फोडला. "मला काय, कुठेही बिअर मिळते." मग एकहार्टकडे न बघता म्हणाला, "पण ज्याला जिथे नीट चालता-फिरता येतं, तेही बघायला हवं."

"म्हणजे काय?" आन्केने ताबडतोब विचारलं.

"दगडी रस्ते. गुडघे. वय झालंय त्याचं."

"माझ्या गुडघ्यांना काही झालेलं नाही," एकहार्ट म्हणाला. आवाज हवा त्यापेक्षा मोठा निघाला. आन्के ताटातल्या काकडीच्या चकत्या इकडून तिकडे करत राहिली.

सकाळी सामान गाडीत भरायचं होतं. येटे भिंतीसाठी हट्ट धरून बसली. आन्के म्हणाली, "पपा, तू ने तिला. आम्ही तोवर आवरतो. गोलच आहे, जिथून चढाल तिथेच उतराल."

"मी पण येतो," टोर्बेन म्हणाला.

"तू बॅगा उचल."

"आन्के, मी येतो म्हटलं ना."

"काय झालंय तुला? एवढीशी भिंत आहे."

टोर्बेनने एकहार्टकडे बघितलं. आता बोल, असं ते बघणं होतं. एकहार्टने येटेचा हात धरला. "चल गं. बापाला बॅगा उचलू दे, पोट कमी होईल त्याचं."

जिना चढून ते वर आले. वर लाकडी छप्पर होतं, पायाखाली झिजलेले दगड, बाहेरच्या बाजूला भिंतीत बारीक खिडक्या आणि आतल्या बाजूला कठडा. कठड्याखाली लोकांची अंगणं होती, वाळत घातलेले कपडे, सायकली, कोबीचे वाफे. त्यापलीकडे छपरं आणि मनोरा. जिन्याच्या तोंडाशी एक लाल सायकल टेकवून ठेवलेली त्याने बघून ठेवली होती. लाल सायकल, मग वेस. सोपं होतं.

येटे पुढे पळत होती. प्रत्येक खिडकीतून शत्रू बघत होती. "आजोबा, आला! घोड्यावर आहे!"

"मग तेल ओत."

"उकळतं?"

"गार तेलाने काय होणार त्याचं!"

ती हसत सुटली. एक वेस गेली. मग एक बुरूज. दुसरी वेस गेली. मधूनच मनोरा घरांमागे जायचा, परत यायचा. एकहार्ट खुशीत होता. चार आठवडे रोज सकाळी इथून एक फेरी मारायची, असा बेतही त्याने मनात केला. आन्केला सांगायचं, बघ माझे गुडघे.

बरंच चालल्यावर तो कठड्यावरून खाली बघायला लागला. लाल सायकल आता यायला हवी होती. एका जिन्याशी हिरवी सायकल होती. पुढच्या जिन्याशी काहीच नव्हतं. कुणीतरी सायकल घेऊन गेलं असेल तर? तो थांबला. मान वर करून मनोऱ्याकडे बघितलं.

मनोरा होता तिथेच होता. आणि तेव्हा त्याच्या लक्षात आलं. मनोरा गावाच्या बरोबर मधे. भिंत त्याच्या भोवती गोल. म्हणजे भिंतीवर कुठेही उभं राहिलं तरी तो तितकाच लांब, तितकाच उंच, तसाच दिसणार. मधलं कुठे आहे ते मनोरा सांगत होता. आपण कुठे आहोत, ते नाही.

"आजोबा, चल ना."

"चल."

पुढे जायला हवं की मागे, ते त्याला कळेना. तो पुढे गेला, कारण येटे पुढे गेली होती. वेस आली. ही आपली? खाली बघितलं तर रस्ता, एक औषधाचं दुकान, एक थांबलेली गाडी. आपल्या वेशीशी औषधाचं दुकान होतं का? काल होतं की काय? मेंदूत बोट घालून शोधावं तसं तो शोधत होता, आणि बोटाला काही लागत नव्हतं.

"ही मांजर मगाशीच होती," येटे म्हणाली.

खालच्या अंगणात पांढरी मांजर कोबीशेजारी बसली होती.

"दुसरी असेल."

"नाही. तिचा कान असा फाटलाय. आपण इथून गेलो होतो, आजोबा. शत्रू इथेच आला होता."

म्हणजे फेरी पूर्ण झाली होती. आपला जिना मागे टाकून ते पुढे निघून आले होते. केव्हा, ते त्याला कळलंच नव्हतं.

कोटाच्या खिशात मोबाइल होता. काढायचा, आन्केला फोन लावायचा, आणि सांगायचं. काय सांगायचं? तिने सांगितलं होतं, जिथून चढाल तिथेच उतराल. पाच वर्षांच्या पोरीला जमेल असं काम दिलं होतं. त्याने खिशातला हात बाहेर काढला. खाली उतरून कुणाला विचारावं, तर पत्ता माहीत नव्हता. चौकात जावं, तर चौकातून सगळ्या वेशींना रस्ते सारखेच फुटत होते. त्यातला कुठला? तो चालत राहिला. प्रत्येक जिन्याशी थांबायचा, कठड्यावर वाकायचा, लाल काही दिसतं का बघायचा. रोसविटा, त्याने मनात म्हटलं, एकदाच सांग. काही ऐकू आलं नाही. ती गेल्यापासून कधीच ऐकू आलं नव्हतं. लोक म्हणतात तसं काही नसतं.

येटे मागे पडायला लागली. "माझे पाय दुखतायत."

"थोडंच राहिलं."

"तू मगाशी पण तेच म्हणालास."

त्याने तिला कडेवर घेतलं. ती जड होती. पुढून दोन पर्यटक आले, त्यांना वाट द्यायला तो भिंतीला टेकला. त्यांना विचारावं म्हणून तोंड उघडलं आणि मिटलं. काय विचारायचं? माझं घर कुठे आहे?

खिशात मोबाइल थरथरला. आन्के. त्याने उचलला नाही. तो थरथरून थांबला, परत थरथरला. त्याने चालण्याचा वेग वाढवला, जसं काही घर पुढच्या वळणावर वाटच बघत होतं. दम लागला होता. छपराखाली अंधारल्यासारखं झालं होतं.

"आजोबा, मला शू आली."

"धर थोडा वेळ."

"धरली होती. आता नाही धरता येत."

तो तिला खाली उतरवेपर्यंत व्हायचं ते झालं. तिचे बूट, पायमोजे, त्याच्या कोटाची बाजू, सगळं ओलं झालं. ती ओठ मुडपून उभी राहिली. रडली नाही. मग तिने त्याच्या तोंडाकडे बघितलं, आणि त्यावर जे दिसलं त्याने ती घाबरली असावी. तिने त्याचा हात धरला.

"आजोबा, आपण हरवलोय ना?"

त्याने खिशातून रुमाल काढून तिच्या हातात दिला.

"मी मम्माला नाही सांगणार," ती म्हणाली. "आपण सांगू, आपण खेळत होतो. मी सांगते, मीच म्हटलं आणखी एक फेरी."

एकहार्ट ओल्या दगडांवर तिच्यासमोर बसला. गुडघे खरोखरच दुखले. मोबाइल परत थरथरत होता. पोरगी थंडीने कुडकुडत होती आणि त्याच्यासाठी खोटं जुळवत होती. चांगलं जुळवत होती. टोर्बेनपेक्षा चांगलं. चार आठवडे त्याने हेच करायचं ठरवलं होतं: सगळ्यांना आपल्यासाठी खोटं बोलायला लावायचं, ज्याच्या त्याच्या अकलेप्रमाणे.

त्याने मोबाइल काढला.

"पपा! कुठे आहात तुम्ही? केव्हापासून फोन करतेय!"

"आन्के, मी हरवलोय."

पलीकडे बॅग खाली ठेवल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "भिंतीवर?"

"भिंतीवर. दुसरी की तिसरी फेरी आहे, माहीत नाही. येटेचे कपडे ओले झालेत. तिला थंडी वाजतेय. मला घर सापडत नाही."

"खाली काय दिसतंय?"

त्याने कठड्यावरून बघितलं. "एक लाल बाकडं. भोपळ्यासारखा एक दिवा. एका बाईने गालिचा वाळत टाकलाय."

"हलू नकोस. ऐकलंस ना? जिथे आहेस तिथेच थांब."

त्याने आपला कोट काढून येटेला गुंडाळलं आणि मांडीवर घेतलं. खिडकीतून वारा येत होता. "तू का सांगितलंस?" येटे कोटातून म्हणाली. "मी सांभाळलं असतं."

"ते तुझं काम नाही."

"मग कुणाचं?"

"माझं होतं. मी नीट केलं नाही."

दोन्ही बाजूंनी पावलं वाजली. आन्के एकीकडून पळत आली, टोर्बेन दुसरीकडून. त्यांनी फेरी वाटून घेतली होती. आन्केने आधी येटेला उचललं, तिचे हातपाय चाचपले, तिला टोर्बेनकडे दिलं. मग ती बापासमोर उभी राहिली. चेहरा पांढरा पडला होता.

"केव्हापासून?"

"नोव्हेंबरपासून. साखर कारखान्याशी पहिल्यांदा. क्वेडलिनबुर्गलाही झालं, पाव आणायला गेलो तेव्हा."

"क्वेडलिनबुर्गला? आणि तू काही—" ती टोर्बेनकडे वळली. टोर्बेनने मान खाली घातली. तिला कळलं. "तुला माहीत होतं! आणि तू माझ्या पोरीला त्याच्याबरोबर वर जाऊ दिलंस?"

"मी येतो म्हटलं होतं."

"येतो म्हणालास! का येतो ते नाही सांगितलंस!"

"त्याला बोलू नकोस," एकहार्ट म्हणाला. "पुन्हा होणार नाही, असं मीच त्याला सांगितलं होतं."

"तू मधे पडू नकोस, पपा. तुझी पाळी अजून यायचीय." पण तिचा आवाज मधेच फुटला. ती त्याच्या शेजारी दगडावर बसली, ओलं आहे हे न बघता. टोर्बेन पोरीला घेऊन खिडकीशी उभा होता आणि बाहेर बघत होता, तिथे बघण्यासारखं काही होतं म्हणून नव्हे.

"म्हणून गोल गाव," ती शेवटी म्हणाली.

"म्हणून."

"मला वाटलं, मम्माला मनोरे आवडायचे, म्हणून तुला हा मनोरा पाहिजे." ती हसली की रडली, ते त्याला कळलं नाही. तिने नाक पुसलं. "बरं. आधी डॉक्टर. या आठवड्यात. मी सोबत येणार, आणि तू मला खोलीबाहेर बसवायचं नाहीस."

"नाही बसवणार."

"आणि उन्हाळ्यात इथेच येऊ. राहू दे क्वेडलिनबुर्ग. निदान इथे भिंत आहे. तू चालशील, कुणी ना कुणी वर-खाली उभं राहील. जमेल आपल्याला."

हे त्याला हवं होतं तेच होतं. दोन दिवसांपूर्वी तो यासाठी काहीही बोलला असता. तो छपराच्या तुळईकडे बघत राहिला.

"नको," तो म्हणाला.

"काय नको?"

"इथे नको. इथे मी रोज भिंतीला धरून एक फेरी मारीन. तुम्ही कुणी तरी जिन्याशी उभे राहाल. चार आठवड्यांनी सगळे म्हणतील, म्हातारा बरा आहे. मी पण म्हणेन. आणि मग घरी जाऊन एके दिवशी मी कुठल्या फाटकाशी बसून राहीन, ते तुम्हाला कळणारही नाही." त्याने श्वास घेतला. "लांब मुक्काम करायचा तर क्वेडलिनबुर्गला. तिथली वळणं मला येत नाहीत. काय येतं आणि काय नाही, ते तिथे खरं दिसेल. तुला दिसेल, मलाही दिसेल. मग घराचं बोल. मी ऐकेन."

"आणि निकाल तुझ्या विरुद्ध लागला तर?"

"तर लागला."

आन्केने त्याच्याकडे बघितलं. या वेळी ते बघून ठेवणं नव्हतं. तिने हात पुढे केला. त्याने तो धरून स्वतःला उभं केलं.

"मी तुला आत्ता काही वचन देणार नाही, पपा."

"मागितलंय कोणी?"

"टोर्बेन, ते क्वेडलिनबुर्गचं घर अजून मोकळं आहे का बघ," ती म्हणाली. "आणि घरी गेल्यावर मला तुझ्याशी बोलायचंय."

"मला वाटलंच," टोर्बेन म्हणाला. त्याने येटेला खांद्यावर घेतलं आणि दुसऱ्या हाताने मोबाइल काढला.

जिना अरुंद होता. टोर्बेन पुढे उतरला, मग एकहार्ट, मागे आन्के. खाली रस्त्यावर आल्यावर टोर्बेन पोरीला घेऊन भराभर निघून गेला. आन्के बुटाची नाडी बांधायला वाकली. एकहार्ट थांबला. दोन्हीकडे गल्ली सारखीच होती. त्याने डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. पूर्वी तो अशा वेळी खिशात काही तरी शोधल्याचं नाटक करायचा.

"आन्के," तो म्हणाला, "कुठल्या बाजूला?"